‘लिनक्सला सपोर्ट नाही’ म्हणून विकलं जाणारं नकली ग्राफिक्स कार्ड

एनव्हीडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, ४ जीबी, खोक्यासकट, बाजारभावाच्या निम्म्यात. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं, गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं होतं. पुढे त्याच मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतली की रडगाणं सुरू. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एनव्हीडियाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) दिसत नाही आणि टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करून, जबरदस्तीने त्याची ५३५ मालिका टाकली तर रीस्टार्टनंतर काळा पडदा. विक्रेत्याकडे उत्तर तयारच असतं: ‘साहेब, हे कार्ड लिनक्सला सपोर्ट करत नाही, विंडोजच वापरा.’ मग बिचारा ग्राहक कर्नल (लिनक्सचा गाभा), ग्रब (मशीन सुरू होतानाचा मेनू) आणि सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारी सोय) यांच्याशी झटापट करत बसतो आणि माल परत करायची मुदत तेवढ्यात उलटून जाते. हे उत्तर दिलं जातं तेच मुळी त्यासाठी.

खरं १०५० टीआय लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आलंय. या नकली कार्डात असते २०१०-११ सालची फर्मी पिढीतली चिप, म्हणजे जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय. कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्यातच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, नाव बदललेलं आणि मेमरीचा आकडा फुगवलेला. खऱ्या कार्डात ७६८ कूडा कोर (हिशोब करणारे छोटे भाग) असतात, या दोन्हींत १९२. खरं ७५ वॅटमध्ये भागवतं, जे मदरबोर्डवरचा स्लॉट एकटा देऊ शकतो. ४५० ला १०६ आणि ५५० टीआयला ११६ वॅट लागतात, त्यामुळे गेम सुरू होताच मशीन बंद पडलं तर पॉवर सप्लायला दोष देण्याआधी कार्डाकडे बघा. विंडोजमध्ये दिसणारं नाव बायोस आणि ड्रायव्हरच्या फाइलवर ठरतं, आणि त्या दोन्ही बदलता येतात. ‘आम्ही दिलेलाच ड्रायव्हर टाका, विंडोज अपडेट बंद ठेवा’ असं कुणी बजावलं तर पुढे काही विचारायची गरज नाही.

लिनक्समध्ये हे सोंग टिकत नाही. फर्मीला चालणारी एनव्हीडियाच्या ड्रायव्हरची शेवटची मालिका ३९०, आणि तिचा पाठिंबाही २०२२ अखेर संपला. त्यानंतरचा ड्रायव्हर ही चिप ओळखून नकार देतो. उलट कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर नूवो बायोसमधलं नाव विचारत बसत नाही, थेट चिपचं रजिस्टर, म्हणजे चिपमध्येच कोरलेली ओळख, वाचतो. तपासणी करायची ती याच्याच जोरावर, आणि त्यासाठी लिनक्स बसवावंही लागत नाही.

मिंट किंवा उबुंटू (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) यांचा लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा, म्हणजे काही न बसवता त्यावरूनच लिनक्स चालेल, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला कार्ड घ्यायला जाताना खिशात ठेवा. त्यावरून बूट करताना साधा पर्यायच निवडा. कॉम्पॅटिबिलिटी मोड नको, कारण त्यात ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हर रोखणारा पर्याय) लागतं, नूवो चालूच होत नाही आणि हवी ती ओळ दिसत नाही. (नेमकी इथेच बऱ्याच जणांची गाडी अडते.) टर्मिनल उघडून आधी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ (lspci -nnk) चालवा. खऱ्या १०५० टीआयपुढे जीपी१०७ हे चिपचं नाव आणि १०डीई:१सी८२ हा ओळख क्रमांक येतो. जीएफ१०६ किंवा जीएफ११६ ही फर्मी चिपची नावं दिसली तर खेळ तिथेच संपला. सगळं ठीक दिसलं तरी थांबू नका. ‘सुडो डीमेसेज | ग्रेप नूवो’ (sudo dmesg | grep nouveau) ही कर्नलच्या नोंदींतून नूवोच्या ओळी काढणारी कमांड चालवून चिपची ओळ शोधा. खऱ्या कार्डात जीपी१०७ आणि त्यापुढे १३७ ने सुरू होणारा आकडा असतो. नकलीत तो ०सी३ किंवा ०सीएफ ने सुरू होतो. त्याच यादीत ‘एफबी’ची ओळ मेमरी सांगते. ४०९६ च्या जागी १०२४ दिसलं तर खोक्यावरचे ४ जीबी फक्त खोक्यावरच आहेत.

दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर कार्डाची मॉनिटरच्या वायरी लागतात ती पाठची पट्टी बघा. १०५० टीआय ज्या पास्कल पिढीतलं, तिच्यात अ‍ॅनालॉग आउटपुट राहिलंच नाही, त्यामुळे निळं पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्ट असलेलं १०५० टीआय जवळपास नक्की नकली. बोर्डाच्या वरच्या कडेला एसएलआयचे, म्हणजे दोन कार्डं जोडायचे, सोनेरी दात असतील तर शंकाच नको, खऱ्यात ते नसतात. विंडोजवरच तपासायचं असेल तर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर वापरा. २.१२ आवृत्तीपासून ते अशा कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असं लिहितं.

मात्र काळा पडदा आला म्हणजे कार्ड नकली, असंही नाही. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल नाकारतो. शिवाय एनव्हीडियाने पास्कलसाठी ५८० ही शेवटची मालिका ठरवली आहे, तेव्हा ५९० टाकला तर अस्सल १०५० टीआयसुद्धा चालणार नाही. निवाडा ‘डीमेसेज’मधल्या एनव्हीआरएमच्या (NVRM, म्हणजे एनव्हीडियाच्या ड्रायव्हरच्या) ओळीवर करा. तिथे ५८० लेगसी, म्हणजे जुन्या कार्डांसाठीचा, ड्रायव्हर सुचवला असेल तर विक्रेत्याशी भांडू नका, ड्रायव्हर बदला. ३९० सुचवला असेल तर भांडा. पडदा काळाच राहत असेल तर ग्रबमधून रिकव्हरी मोडमध्ये रूट शेल (सर्वाधिकार असलेलं टर्मिनल) घ्या, ‘एपीटी पर्ज’ (apt purge) या कमांडने एनव्हीडियाची पॅकेजेस काढा आणि रीस्टार्ट करा. नूवो परत येईल.

नकली निघालं तर पट्टीचा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि टर्मिनलच्या ओळींचा फोटो घ्या. ऑनलाइन घेतलं असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार पोचल्याचं कळवायचं असतं आणि महिन्याभरात निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क नाही. तोवर जुना बायोस परत भरून कार्ड ‘दुरुस्त’ करायच्या फंदात पडू नका. बदललेला बायोस हाच पुरावा, तो पुसला की विक्रेता हात वर करतो.