शालेय समुपदेशन की व्यसनमुक्ती समुपदेशन : सीमाभागातून निवड करताना

मानसशास्त्रात एमए किंवा एमएसडब्ल्यू करून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातच राहू इच्छिणाऱ्यांपुढे साधारण दोन वाटा असतात : शाळेतील समुपदेशकाची आणि व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशकाची. (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले पुढचे शिक्षण लागते, तो हिशेब निराळा.) कृत्रिम बुद्धिमत्ता यांपैकी कोणती नोकरी गिळेल, असे घरची मंडळीही आता विचारू लागली आहेत. दोन्ही नोकऱ्यांतले काही काम यंत्राकडे जाणार हे उघड आहे. पाहायचे ते एवढेच, की मालक पगार नेमका कोणत्या कामासाठी देतो.

शाळेच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बोचरा आहे. अनेक खासगी शाळा समुपदेशक नेमतात ते अभिक्षमता चाचण्या घेण्यासाठी, दहावीनंतर पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी), आयटीआय की डिप्लोमा हे सांगण्यासाठी आणि पालकसभेत भाषण करण्यासाठी. चाचणीचे गुणांकन, अभ्यासक्रमांची यादी, पालकांना पाठवायचे पत्र ही सारी कामे आज फोनवर फुकट होतात, आणि संस्थाचालकांच्या हे ध्यानात यायला फार वेळ लागणार नाही. अर्थात इथल्या मुलाचे प्रश्न यादीत बसत नाहीत. वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रातील व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद आहे, ही गोष्ट खानापूरच्या मुलीला चॅटबॉट कदाचित सांगेलही. पण कोल्हापूरला खोली घेऊन राहायला वडील तयार होतील का, हे तिच्या वडिलांना ओळखणाऱ्यालाच उमगते.

मुले रात्री अकरा वाजता यंत्राशी बोलतात, हे मान्य करूनच या व्यवसायात उतरावे. यात नवेही फारसे नाही : १९६६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा साधा संवाद-प्रोग्राम मांडला, तेव्हा त्यांच्याच सचिवबाईंनी त्याच्याशी खासगीत बोलता यावे म्हणून त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले होते. यंत्र रागावत नाही आणि गावात बोभाटा करत नाही, हे त्याचे बळ आहे. मात्र मुलाने लैंगिक अत्याचाराचा उल्लेख केला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवण्याचे बंधन माणसावर येते, आणि त्यानंतरचे कित्येक दिवस त्या मुलासोबत कोणीतरी बसावे लागते. शालेय समुपदेशनाचा हा गाभा यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे. दुर्दैवाने शाळा त्यासाठीच सर्वांत कमी तास देतात.

व्यसनमुक्तीच्या कामात पारडे उलटे झुकते. तिथे यंत्राला देता येण्याजोगे काम मोजकेच आहे : दारूच्या सवयीची जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी, नोंदी, पाठपुराव्याचे निरोप. पण चाचणी खऱ्या उत्तरांवर चालते, आणि पहिल्या दिवशी खरे उत्तर सहसा मिळत नाही. बाकावर बसलेला गृहस्थ ‘थोडीच घेतो’ म्हणतो, बायको जमिनीकडे बघत राहते, आणि समोर ठेवलेला चहा उचलताना त्याच्या हातात कपबशी वाजू लागते. ‘शेवटची कधी घेतली?’ ‘काल सकाळी.’ इथे समुपदेशन थांबवून त्याला आधी डॉक्टरकडे पाठवावे लागते, कारण रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि पुढे भ्रमाची अवस्थाही उद्भवते. ती वाजणारी कपबशी कोणत्याही प्रश्नावलीत नसते.

भाषेचेही तसेच. गटसभेत माणूस ‘काय करूलास’ अशा बेळगावी मराठीत सुरुवात करतो, रागावला की कानडीत शिरतो आणि लाज वाटली की गप्प होतो. बोलीभाषेतील कानडी न येणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट, कार्यालयीन कानडीत अहवाल लिहिणे ही मराठी माध्यमातून शिकलेल्यांची जुनी अडचण आता यंत्रामुळे खूपच हलकी झाली आहे. फक्त रुग्णाचे नाव-गाव त्यात टाकू नये आणि अनुवाद कानडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावा.

सोयींमध्ये शाळा सरस आहे : सुट्ट्या, ठरलेली वेळ, समाजात मान. केंद्रांत रात्रपाळी असते, अनुदान रखडले की पगार रखडतो आणि सहा महिने सुधारलेला माणूस बेंदराच्या सणाला पुन्हा पिऊन दारात उभा राहतो. यंत्राची भीती हाच एकमेव निकष धरला, तर मी व्यसनमुक्तीकडे बोट दाखवीन. पण हे सोसवणार नसेल, तर नोकरी सुरक्षित असून उपयोग काय?

शाळेची मुलाखत असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात : दार लावून बोलता येईल अशी खोली आहे का, आणि आठवड्यातले किती तास एकेकट्या मुलासाठी राखले आहेत. उत्तरात केवळ चाचण्या आणि करिअर मेळावे आले, तर ते पद पुढच्या काही वर्षांत ॲपकडे जाईल असे धरून चालावे. केंद्रात मात्र एकच विचारावे : डॉक्टर रोज येतात का?