टामियाचं १/३५ शर्मन (किट नंबर ३५१९०): पहिला रणगाडा जोडायचाय तर हेच घ्या

आधी निकाल सांगून टाकते, मग बाकीचं. प्लास्टिकचा रणगाडा आयुष्यात पहिल्यांदा जोडणार असाल तर टामिया ह्या जपानी कंपनीचं एम४ शर्मन अर्ली प्रॉडक्शन घ्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन रणगाडा, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा. जे नवीन लोक विचारतात त्यातल्या बहुतेकांना जर्मन टायगरच हवा असतो, आणि तोही एकदम नवा साचा, आत इंजिन, पितळेच्या पत्र्याचे बारीक बारीक पार्ट, ट्रॅकची, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळीपट्ट्याची, एकेक कडी वेगळी जोडायची. मग दुसऱ्या आठवड्यात ते खोकं माळ्यावर जातं ते जातंच. मला हे बघून खरंच वाईट वाटतं कारण माणूस छंदातूनच बाहेर पडतो, दोष त्याचा नसतो, किट चुकीचं असतं.

हे शर्मन जुनं किट आहे, त्यातही खालचा हल (रणगाड्याचं धड) तर अजून जुन्या साच्यातला, त्यामुळे काही गोष्टी आजच्या मानाने कमी आहेत, त्या सांगतेच. पण पार्ट एकमेकांत बसतात कसे ते बघाच. दोन तुकडे धरले, फटीवर पातळ ग्लू असलेला ब्रश नुसता टेकवला की ग्लू स्वतःच आत ओढला जातो आणि सांधा पक्का. वरचा हल खालच्यावर कोरडा, म्हणजे ग्लू न लावता, ठेवून बघितला तर फट जवळजवळ नाहीच. पहिल्या किटमध्ये हे असं बसणं फार महत्त्वाचं असतं, कारण नवख्याला कळतच नाही की आपलं चुकतंय की पार्टच वाकडाय.

ऐरोलीचा माझा भाचा नववीत आहे, तो सोबत बसला होता. त्याने हल उलटा करून पहिला प्रश्न विचारला, मावशी खाली एवढी भोकं कशाला? तर ही भोकं मोटरची. टामियाचे सुरुवातीचे रणगाडे मोटरवर पळायचे, शोभेसाठी नव्हते नुसते. १/३५ हे विचित्र प्रमाणसुद्धा तिथूनच आलंय, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत म्हणून त्या हिशोबाने आकार ठरवला, नंतर मोजलं तर ते साधारण १/३५ भरलं आणि पुढे सगळ्या जगाने तेच प्रमाण उचललं. भोकं बुजवायला बाद झालेल्या एटीएम कार्डाचे तुकडे कापून आतून सुपरग्लूने चिकटवा, बाहेरून पुट्टी, वाळली की पॉलिश पेपर. तेच कार्ड दुसऱ्या कामालाही येतं. ट्रॅकच्या वर जो हलचा बाहेर आलेला भाग असतो ना, स्पॉन्सन, तो ह्या किटमध्ये खालून उघडाच आहे, मॉडेल हातात घेऊन तिरकं केलं की आतली पोकळी दिसते. कार्डाच्या दोन लांब पट्ट्या कापून बंद करून टाका. कपाटात ठेवल्यावर कोणाला दिसणार नाही हे खरंय, तरी करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि प्लास्टिक मापून कापायची सवय इथेच लागते.

चाकं. शर्मनला एका बाजूला तीन बोगी (चाकांच्या जोड्या धरणारे सांगाडे), प्रत्येक बोगीत दोन चाकं, म्हणजे दोन्हीकडची मिळून बारा, शिवाय वरचे रोलर. प्रत्येक चाकाच्या कडेला साच्याची शिवण असते ती कटरच्या पात्याने हलकेच खरवडायची, कंटाळवाणं आहे पण गाणी लावून बसा. चाकाचा रबर काळपट आणि मधला भाग हिरवा, ही गोल रेघ ब्रशने हात न हलवता काढणं अवघड आहे, त्याला सोपा उपाय म्हणजे ड्रॉइंगवाले वापरतात ती गोलांची टेम्प्लेट, गोखले रोडला कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत मिळते, आधी पूर्ण चाक काळं करायचं आणि मग बरोबर मापाचा गोल वर धरून मधलं हिरवं मारायचं. हे सगळं बोगी बंद करायच्या आधी. एकदा चाकं आत अडकली की ब्रश पोचत नाही.

ट्रॅक रबरासारख्या वाइनलचे, पट्ट्याचे आहेत, आणि ह्यावरून जाणकार लोक नाकं मुरडतात. जर्मन गाड्यांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे, टायगर-पँथरचा ट्रॅक वरून चाकांवर लोंबलेला असतो आणि वाइनलचा पट्टा तसा लोंबत नाही, ताणून बसतो, खोटा दिसतो. पण शर्मनचा ट्रॅक खऱ्यातही बराच ताठ असायचा, त्यामुळे इथे हा पट्टा चक्क शोभतो. टोकं जोडल्यावर साध्या सुई-दोऱ्याने दोन टाके घाला, नुसत्या ग्लूवर विसंबू नका, आणि तो सांधा वर स्पॉन्सनच्या खाली लपेल असा फिरवून ठेवा.

टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, ओतीव पोलादाचा होता आणि ओतीव धातू गुळगुळीत नसतो, घरात बिडाचा तवा असेल तर त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवा, तसा खरखरीत. किटमधला टरेट त्यामानाने फारच तुळतुळीत आहे. पातळ ग्लूमध्ये थोडी पुट्टी कालवा, ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टरेटवर ठोकत जा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने वरवर घासा. एवढ्याने टरेटचा नूरच पालटतो. मला ह्या अख्ख्या किटमध्ये सगळ्यात जास्त मजा ह्याच कामात आली. पण हे फक्त टरेटला हं, एम४ चा हल वेल्ड केलेल्या प्लेटांचा होता, तो सपाटच ठेवा. ओतीव हलवाला एम४ए१, ती वेगळी गाडी.

आता शर्मनच का, तर आपला आणि ह्या रणगाड्याचा जुना संबंध आहे. १९४५ च्या मार्चमध्ये बर्मातलं मेइक्तिला शहर जपान्यांकडून घेतलं त्यात भारतीय टँक ब्रिगेडचे शर्मन होते. फक्त ते शर्मन ५ म्हणजे एम४ए४, त्यात गाडीची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं एक धूड बनवलेलं, ते मावावं म्हणून हल ११ इंचांनी वाढवला. १/३५ मध्ये ते होतात ८ मिलिमीटर, आणि बोगींमधल्या मोकळ्या जागेत ते लगेच डोळ्यात भरतं. म्हणून हे किट घेऊन बर्मातला भारतीय शर्मन करायचा बेत असेल तर तो ह्यातून होणार नाही, अमेरिकन खुणाच लावा.

आणि १९६५. खेमकरणजवळ असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबरला जी लढाई झाली त्यात डेक्कन हॉर्स रेजिमेंट शर्मनवर होती आणि तिचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, आपले अलिबागचे, पुढे लष्करप्रमुख झाले ते. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे, शर्मनपेक्षा एक पिढी नवीन, ९० मिलिमीटरची तोफ. आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं, रणगाडे उभ्या उसात दडवले आणि पॅटन चिखलात रुतल्यावर जवळून बाजूला मारा केला. वैद्यांना महावीर चक्र मिळालं, १९७१ ला पुन्हा एकदा मिळालं. जुन्या गाडीवर बसून हे केलंय त्यांनी, आणि आपल्याकडे हे किती जणांना माहितीये? मला हा देखावा करायचाच आहे, उसासकट. तुम्हीही करणार असाल तर आधी डेक्कन हॉर्सच्या गाड्यांचे फोटो शोधा, तोफ कुठली, बोगी कुठल्या, हॅच (वरची झाकणं) कसे ते बघा आणि मग त्या मॉडेलचं किट निवडा, कारण शर्मनचे प्रकार खूप आहेत आणि हे किट सुरुवातीच्या ७५ मिलिमीटर तोफेच्या गाडीचं आहे.

रंगाबद्दल ठाण्यातल्या माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायची, जून ते सप्टेंबर स्प्रे कॅनने लॅकर मारू नका. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर धरतं आणि रंग किंवा वार्निश पांढुरकं होतं. पावसाळ्यात जोडकाम करा, पुट्टी करा, घासा, आणि रंग दिवाळीनंतर. थांबवत नसेल तर ब्रशने पाण्यातले रंग, पण मग टामियाचे नको, त्यांच्या ॲक्रिलिकचा दुसरा हात पहिल्याला उचलतो आणि डाग पडतात, ब्रशला वॅलेहो कंपनीचे बरे. एअरब्रश असेल तर मात्र टामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब झकास बसतो, थोडा डार्क यलो घालून उजळ करा, नाहीतर एवढ्या छोट्या मॉडेलवर तो फार गडद दिसतो. धुळीसाठी महागडी पिगमेंटची बाटली घ्यायची गरज नाही, खडू किसून त्यात चिमूटभर गेरू, कोरड्या ब्रशने चाकांवर आणि खालच्या हलवर. वरपर्यंत नेऊ नका.

किंमत मला अडीच-तीन हजारांच्या दरम्यान पडली, ऑनलाइन मागवलं. शर्मनच्या नवीन किटांपेक्षा कमी आहे पण कॉलेजच्या मुलाला जास्तच आहे, हे मान्य. त्यावर निपर (चौकटीतून पार्ट कापायचं कटर), ग्लू, चार रंग धरा. निपरवर पैसे वाचवू नका, पॉलिश पेपर मात्र नौपाड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातला चालतो, ४००, ८०० आणि १००० नंबरचे घ्या. स्प्रे कॅन विमानाने पाठवत नाहीत म्हणून ते उशिराने येतात, तेव्हा ऑर्डर आधीच टाका. ग्लू उघडलात की गॅलरीचं दार उघडं आणि पंखा वाफा तोंडापासून लांब, बाहेर फेकेल असा, मुलं सोबत असतील तर हा नियम मोडायचाच नाही.

खरा रणगाडा केवढा असतो ह्याचा अंदाज यावा म्हणून जमलं तर नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम बघून या, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल असे दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे तिथे उभे आहेत. रंग कुठे उडतो, पाणी कुठून ओघळतं, गंज कुठल्या कोपऱ्यात धरतो ते जवळून बघायला मिळतं, भाच्याला मी त्यासाठीच नेणार आहे.

तयार झाल्यावर झाकण हवंच. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ इतकी येते की उघडं मॉडेल महिन्याभरात राखाडी होतं आणि पुसायला गेलं की अँटेना तुटते. साइनबोर्ड बनवणारे ॲक्रिलिकचा बॉक्स करून देतात. मॉडेल साधारण पावणेसतरा सेंटिमीटर लांब आहे, माप देताना २२ लांबी, १३ रुंदी, १३ उंची सांगा, म्हणजे अँटेना न वाकवता आत राहते.