जुळे सोलापुरातील एक खो-खो वर्ग आणि पालकांसाठी आखलेली फक्कीची रेघ

जुळे सोलापूर परिसरातील एका मोकळ्या मैदानावर आठवड्यातून पाच दिवस सायंकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत मुला-मुलींचा खो-खो वर्ग भरतो. माझी अकरा वर्षांची मुलगी गेल्या जून महिन्यापासून तेथे जात आहे. वर्षभर फी भरून, मैदानाच्या कडेला बसून आणि दोन वेळा प्रशिक्षकांशी वाद घालून झाल्यानंतर या वर्गाविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. वर्गाचे नाव देत नाही, कारण तेथे चाळीसपेक्षा अधिक मुले घेत नाहीत आणि सध्या एकही जागा शिल्लक नाही. परंतु आपल्या मुलासाठी खेळाचा वर्ग शोधणाऱ्या पालकाने नेमके काय पाहावे, हे या एका वर्गाच्या निमित्ताने सांगता येण्यासारखे आहे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट डोळ्यांत भरली. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते व त्याच्या रेषा फक्कीने आखलेल्या असतात, तशा तेथे होत्याच. पण त्यांच्यापासून वीसेक पावलांवर, कडुनिंबाच्या झाडांलगत, फक्कीची आणखी एक रेघ होती. ती पालकांसाठी होती. सराव चालू असताना ती रेघ कोणी ओलांडायची नाही, मुलांना हाक मारायची नाही आणि पाण्याची बाटली घेऊन मध्येच धावत जायचे नाही, असा नियम प्रवेश घेतानाच सांगितला गेला. मला तो अपमानास्पद वाटला होता. पैसे आपण भरायचे, मूल आपले, आणि लांब बसायचे ते आपणच, हा राग माझ्या शेजारी बसलेल्या अनेकांच्या चेहऱ्यावरही दिसत होता. आज मात्र या वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी त्या रेघेकडेच बोट दाखवीन.

या नियमामागे खेळाचेच एक कारण आहे, जे प्रशिक्षकांनी पहिल्या पालकसभेत समजावून सांगितले. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी दोन खांबांमधल्या पाटीवरील, म्हणजे अरुंद पट्ट्यावरील, चौकोनांत आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात आणि नववा धावत असतो. बसलेल्या गड्याला मागून स्पर्श होऊन ‘खो’ हा शब्द कानी पडेपर्यंत उठता येत नाही; आधी उठला तर फाऊल होतो. अशा वेळी कडेवरून आई किंवा वडील ‘ऊठ, ऊठ’ किंवा ‘डावीकडे बघ’ असे ओरडू लागले, की त्या मुलाचे कान दोन ठिकाणी वाटले जातात. सोलापुरात तर हे ओरडणे मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत होते. दहा-अकरा वर्षांच्या मुलाने एकाच क्षणी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत कधी पडलाच नव्हता.

तरीही मी एक चूक केलीच. रेघेबाहेर बसूनही हातात मोबाईल होता, आणि मुलगी पळतीला, म्हणजे पाठलाग चुकवत पळायला, उतरली की मी त्यावर वेळ लावत असे. खो-खोच्या बातम्यांत खेळाडूच्या नावापुढे कंसात मिनिटे आणि सेकंद छापलेले असतात, त्याची मला लहानपणापासून सवय. घरी येताना स्कूटरवरच मी तिला सांगायचो, ‘आज एक मिनिट दहा सेकंद, काल एक पंचवीस होते.’ दोन-तीन आठवड्यांत एक विचित्र गोष्ट घडू लागली. हुलकावणी द्यायची सोडून ती सुरुवातीपासून केवळ दूर पळू लागली, तिसऱ्या-चौथ्या फेरीला दमून सहज बाद होऊ लागली, आणि बाद झाल्यावर आधी माझ्याकडे पाहू लागली. प्रशिक्षकांनी हे माझ्या आधी ओळखले. एका सायंकाळी सराव संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि अगदी शांतपणे म्हटले, ‘साहेब, घड्याळ माझ्याकडे राहू द्या. घरी गेल्यावर तिला आधी जेवू द्या, मग ती जे सांगेल तेवढेच ऐका.’ मला वाईट वाटले, पण मी ऐकले. त्यानंतर महिनाभराने ती घरी जाताना खांबाला वळताना तो हाताने कोठे पकडायचा आणि पाय कोठे रोवायचा हे आपणहून सांगू लागली. किती वेळ पळाली हे तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. फी महिन्याला सहाशे रुपये असून ती तीन महिन्यांची एकदम घेतात. टी-शर्टचे वेगळे पैसे पडतात. सुरुवातीला मला सहाशे जास्त वाटले होते. पण खो-खोच्या मातीवर पाणी मारून ती दाबून घेतल्याशिवाय सूर मारणाऱ्या मुलाचे कोपर आणि गुडघे सोलून निघतात, आणि ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे मैदानासाठी टँकर विकत घ्यावा लागतो, हा खर्च लक्षात घेता रक्कम वाजवी आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, वर्ग पहाटे सहाला भरतो आणि आठच्या आत संपतो. दर वीस मिनिटांनी शिट्टी वाजते आणि तहान असो वा नसो, प्रत्येकाने पाणी प्यायचे असते. यंत्रमाग कामगारांच्या आणि विड्या वळणाऱ्या महिलांच्या काही मुलांना येथे निम्मी फी आहे. ती कोणाला आहे हे मुलांना कळू दिले जात नाही, ही बाब मला फार आवडली.

आता ज्या प्रसंगामुळे या वर्गावर माझा खरा विश्वास बसला, तो सांगतो. ऑगस्टमध्ये मुलगी टाच दुखते म्हणू लागली. यापूर्वी ती शहरातील दुसऱ्या एका उन्हाळी शिबिरात गेली होती, तेव्हा पाय दुखतो म्हटल्यावर ‘दुखणे सोसल्याशिवाय खेळाडू होत नाही’ असे उत्तर मिळाले होते, आणि खरे सांगायचे तर मलाही ते पटले होते. येथे मात्र मी काही बोलण्याच्या आतच मुलींच्या गटाच्या प्रशिक्षिकांनी तिला पंजावर लंगडत चालताना पाहिले, खेळ थांबवला आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून या असे सांगितले. डॉक्टरांनी जे सांगितले ते खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकाला माहीत असायला हवे. साधारण आठ ते चौदा वयात टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो. पोटरीचा स्नायू ज्या जाड शिरेने टाचेला जोडलेला असतो, ती त्या कोवळ्या भागाला प्रत्येक उडीबरोबर आणि प्रत्येक धावेबरोबर ओढते, आणि उंची झपाट्याने वाढत असताना हा ताण अधिकच जाणवतो. हाड मोडलेले नसते, त्यामुळे क्ष-किरण तपासणीत अनेकदा काही विशेष दिसत नाही, आणि म्हणूनच मूल नाटक करते असा समज होतो. उपाय म्हणजे धावणे-उड्या कमी करणे, टाचेखाली मऊ आधार घालणे, पोटरी ताणण्याचे व्यायाम करणे आणि थांबणे.

थांबणे मला जमत नव्हते. दोन आठवड्यांनी चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धेसाठी शाळेची निवड चाचणी होती, आणि पट्टी बांधून, गोळी घेऊन तिने तेवढी एक चाचणी द्यावी, असा माझा आग्रह होता. प्रशिक्षकांनी स्पष्ट नकार दिला. आवाज माझा चढला, त्यांचा नाही. पाच आठवडे तिने मैदानावर यायचे, पण पळायचे नाही, असे ठरले. त्या काळात तिला गुणपत्रक लिहायला बसवले; कोणता गडी कोणत्या मिनिटाला, कोणाकडून आणि कसा बाद झाला याची नोंद करता करता ती साखळीचा खेळ, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी पळण्याची पद्धत, वाचायला शिकली, जे पळत असताना तिला कधीच दिसले नसते. चाचणी हुकली. तिच्यापेक्षा मलाच ते अधिक लागले, हे मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिले.

पालक एवढे उतावीळ का होतात, हेही येथे लिहिले पाहिजे, कारण सगळा दोष त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल. विविध स्तरांवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि मिलच्या भोंग्यावर मोठ्या झालेल्या या शहरात कायमच्या नोकरीचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शेजारच्या धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक घरांत खो-खोकडे पाहण्याची दृष्टी बदलली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच कर्णधारांच्या नेतृत्वाखाली भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवले, महिलांनी तर ७८-४० असे. आमच्याकडे प्रवेशासाठी रांग लागण्यामागे तो विजय मोठे कारण आहे. त्या रांगेतील एका वडिलांनी मुलाचे वय कागदोपत्री दोन वर्षांनी कमी दाखवता येईल का, असे माझ्या देखत विचारले. त्यांना जन्मदाखल्याची मूळ प्रत घेऊन या, एवढेच उत्तर मिळाले, आणि ते पुन्हा आले नाहीत. ज्या वर्गात असा प्रश्न विचारायला पालक धजतात पण उत्तर ठाम मिळते, तेथे मूल ठेवायला मला भीती वाटत नाही.

आठवड्यात दोन दिवस पूर्ण सुट्टी असते. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला शिस्तबद्ध सराव नसावा, असा एक ठोकताळा बालरोगतज्ज्ञ सांगतात. अकरा वर्षांच्या मुलीला पाच दिवस दोन तास म्हणजे दहा तास, असा हिशेब प्रशिक्षकांनी फळ्यावरच मांडून दाखवला होता. काही पालक सुट्टीच्या दोन दिवशी मुलांना दुसऱ्या वर्गाला पाठवतात आणि मग मूल कोमेजल्याची तक्रार करतात, त्याला वर्ग काय करणार? मुलांशी फोनवर वैयक्तिक संदेश पाठवून बोलायचे नाही, जे काही कळवायचे ते पालकांच्या गटावर, हा दंडकही येथे पाळला जातो. मुलींच्या सरावाला प्रशिक्षिका हजर नसतील, तर त्या दिवशी मुलींचा वर्ग होत नाही.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. चाळीस मुलांना दोनच प्रशिक्षक आणि एक सहायक आहेत. सहायक तरुण आहेत, मेहनती आहेत, पण रागाच्या भरात ‘तिच्याकडे बघ, तुझ्यापेक्षा लहान आहे ती’ असे बोलून जातात. अशा तुलनेने एका मुलीने दोन आठवडे येणे सोडले होते. याविषयी तक्रार केल्यावर ते कमी झाले, थांबलेले नाही. दर शनिवारी धावण्याची चाचणी होते आणि तिचे क्रमांक गटावर नावानिशी टाकले जातात. पालकांना घड्याळ बाजूला ठेवायला सांगणाऱ्या वर्गाने हे करू नये, असे मी सभेत बोललो; त्यावर विचार करू असे उत्तर मिळाले आणि क्रमांक अजूनही येतात. प्रथमोपचाराची पेटी आहे, परंतु मार्चमध्ये एका मुलाची हनुवटी फुटली तेव्हा तिच्यात निर्जंतुक पट्टी नव्हती, रुमाल दाबून त्याला दवाखान्यात न्यावे लागले. पालकसभा महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी चारला असते. ज्यांना रोजंदारी बुडवून यावे लागते त्या आया तेथे कधीच दिसत नाहीत, आणि ज्यांच्या मुलांचे प्रश्न सर्वांत अवघड, त्यांचाच आवाज सभेत नसतो. सभा रविवारी घ्यावी ही मागणी लेखी दिली आहे.

सर्वांत मोठी अडचण स्वच्छतागृहाची आहे. मैदानावर एकच आहे, त्याच्या दाराला आतून कडी नाही, त्यामुळे मुली दोन-दोनच्या जोडीने जातात, एक आत आणि दुसरी दार धरून बाहेर. काहीजणी तर सरावाला येण्यापूर्वी पाणीच पीत नाहीत, असे माझ्या मुलीने सांगितले; मग दर वीस मिनिटांच्या त्या शिट्टीचा त्यांना उपयोग काय? बारा-तेरा वर्षांच्या मुली खेळ सोडतात, तेव्हा आपण अभ्यासाला दोष देतो, लग्नाला दोष देतो. या न लागणाऱ्या कडीचा विचार फारसा कोणी करत नाही. जागा वर्गाच्या मालकीची नसल्याने दुरुस्तीला परवानगी लागते, हे प्रशिक्षकांचे म्हणणे खरे आहे, पण वर्षभर ऐकण्याइतके ते कारण मोठे नाही.

पुढील तीन महिन्यांची फी मी गेल्या आठवड्यात भरली. दाराची कडी आणि पत्र्याची दुरुस्ती दिवाळीपर्यंत झाली नाही, तर मुलींच्या पालकांनी वर्गणी काढून ती स्वतः करून घ्यायची असे ठरले आहे, आणि त्यासाठीच्या परवानगीचा अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे.