सहावीला महापालिकेची शाळा: आठ महिन्यांनंतर

लेकीला जूनमध्ये पुणे महापालिकेच्या शाळेत सहावीला घातलं. प्रवेशाआधी वारजे, कर्वेनगर आणि कोथरूडमधल्या तीन शाळा पाहिल्या होत्या. नावं मुद्दाम लिहीत नाही. एक चांगला शिक्षक बदलून गेला तरी शाळा वेगळी होते.

वारज्याची इमारत बघून मी भाळलेच होते. नवा रंग, वर्गात डिजिटल फळा. नवऱ्याने एवढंच विचारलं, "गणिताला कोण आहे?" तर सहावी-सातवी मिळून सगळे विषय एकाच बाईंकडे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा आणि त्यात गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रं यांना निदान एकेक हवाच, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. बाई मनापासून शिकवत होत्या, पण एकटीने किती ओढायचं?

कर्वेनगरची शाळा शिकवण्यात सरस, मात्र सातवीपर्यंतच. हे आधी लक्षात घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या शाळा सातवीला संपतात आणि एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते आठवीत. ती पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्यासारख्या घराला ही रक्कम लहान नाही. नेमक्या त्याच वर्षी दाखला काढून, अनोळखी शाळेत बसवून मुलीकडून तयारी करून घ्यायची, हे मला पटेना.

म्हणून कोथरूडची जुनी इमारत निवडली. दहावीपर्यंत वर्ग, सेमी इंग्रजी आणि गणिताला स्वतंत्र सर. पाचवीपर्यंत अंश-छेद म्हणणाऱ्या पोरीला अचानक न्यूमरेटर-डिनॉमिनेटर आलं. ऑगस्टपर्यंत रोज रात्री रडणं. सर फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही भाषांतले शब्द लिहून ठेवायचे आणि तास संपला तरी पुसू द्यायचे नाहीत. दिवाळीनंतर ती उदाहरणं स्वतःहून सोडवायला लागली. त्या सरांचे उपकार मी विसरणार नाही. पीएमपी बसचा पास मोफत मिळाला. खिचडी ती आवडीने खाते.

त्रास झाला तो स्वच्छतागृहाचा. सप्टेंबरमध्ये लक्षात आलं की तिची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी येते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आई, दुपारी नळाला पाणी नसतं, मग पाणी पीतच नाही." वर्गातल्या सगळ्या मुली तेच करत होत्या. अकरा-बारा वर्षांच्या मुली! हे प्रवेशाच्या वेळी मी पाहायला हवं होतं. सकाळी गेले होते, तेव्हा नळ चालू होते. शाळा बघायला जाल तर मधल्या सुट्टीनंतर जा.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांना असतात. आम्ही तिघी जणी बैठकीला जाऊन बसलो, विषय इतिवृत्तात लिहून घेतला आणि दर महिन्याला विचारत राहिलो. मोटर दुरुस्त व्हायला नोव्हेंबर उजाडला. मुख्याध्यापकांनी टाळाटाळ केली नाही, हे खरं. पण कोणी मागे लागलं नसतं तर अजूनही तसंच असतं.

खेळाला मात्र आजही शिक्षक नाहीत. येत्या बैठकीत तो विषय मी मांडणार आहे.