सिलिंडर ठेवावा की पाइपचा गॅस घ्यावा?

सोसायटीत पाइप आला की पहिला वाद भाकरीवरून होतो. ‘त्या गॅसला धग नाही, भाकरी फुगत नाही,’ म्हणणारं कुणीतरी प्रत्येक मजल्यावर सापडतं. तक्रार खोटी नसते. पण दोष बहुतेक वेळा गॅसचा नसून शेगडीतल्या जेटचा, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचा असतो.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, तीन आणि चार कार्बनचे अल्केन (कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांचं एक घराणं). पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, या घराण्यातला एका कार्बनचा धाकटा. किलोमागे मिथेनची उष्णता उलट थोडी जास्तच, पण आकारमानाने तो विरळ पडतो: एक घनमीटर प्रोपेनचं काम करायला अडीच घनमीटर मिथेन लागतो. म्हणून पाइपच्या शेगडीत जेटचं भोक मोठं हवं. जुनंच जेट राहिलं तर ज्योत मरतुकडी होणारच. पाइपची शेगडी तशीच गावी नेऊन सिलिंडरला जोडणं मात्र त्याहून वाईट. ज्योत पिवळी, पातेली काळी, आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड. आधी जेट बदलून घ्या.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरची उष्णता साधारण १८ घनमीटर पाइपच्या गॅसएवढी. तुमच्या शहरातल्या घनमीटरच्या दराला १८ने गुणा आणि सिलिंडरच्या दराशी ताडून पाहा. बिलातले इतर आकार आणि मिळत असल्यास अनुदान विसरू नका.

मिथेन टाकीत भरून का देत नाहीत? प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या आसपास, त्यामुळे माफक दाबाखाली दोन्ही द्रव होऊन टाकीत बसतात. मिथेन उकळतो उणे १६२ला. घरातल्या तापमानाला कितीही दाबा, तो द्रव होत नाही. द्रव असण्याची किंमत सिलिंडरवाले थंडीत मोजतात. प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्युटेन जास्त उरतो आणि शेवटच्या दिवसांत ज्योत मंदावते. अशा वेळी टाकी आडवी करणारे महाभाग आहेत. करू नका, द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.

गळतीच्या बाबतीत मी पाइपच्या बाजूने आहे. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो, आणि हवेत सुमारे २ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा, वर जातो, आणि पेटायला त्याला ५ टक्के लागतात. पण वरचे झरोके बुजवून फॉल्स सीलिंग केलं असेल तर हा फायदा तुम्ही स्वतःच घालवलात. वास आला की दोन्हींत नियम एकच: गॅस बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही. अगदी एक्झॉस्ट फॅनच्याही नाही.

स्वतःचा फ्लॅट असेल आणि ‘नंबर लावला का?’ या प्रश्नाचा कंटाळा आला असेल, तर पाइप घ्या. धुरही किंचित स्वच्छ: तेवढ्याच उष्णतेला कार्बन डायऑक्साइड आठवा हिस्सा कमी. दर दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या भाडेकरूने मात्र सिलिंडरच ठेवावा. त्याचं कनेक्शन दुसऱ्या गावी बदलून मिळतं. पाइपचं मीटर घरमालकाच्या भिंतीवरच राहतं.