मेगान आरएस, अॅस्ट्रा ओपीसी, आरसीझेड आर की सिरोको आर? पुढची चाकं बघून ठरवा

टर्बो इंजिन, दोनच दारं आणि सगळी ताकद पुढच्या चाकांना. अशी सेकंडहँड कूपे शोधायला बसलं की २०१० ते २०१६ च्या दरम्यानच्या युरोपीय गाड्यांमधली चार नावं हटकून समोर येतात: रेनो मेगान आरएस, ओपल अॅस्ट्रा ओपीसी (ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल व्हीएक्सआर), प्युजो आरसीझेड आर आणि फोक्सवॅगन सिरोको आर. कागदावर चौघी सख्ख्या बहिणी वाटतात. ताकद २५० ते २८० अश्वशक्ती, शून्य ते शंभर सहा सेकंदांच्या आसपास, कमाल वेग ताशी २५० किलोमीटरच्या घरात. म्हणून बरेच जण रंग, किंमत आणि किलोमीटरचा आकडा बघून सौदा करून टाकतात. पण या गाड्यांमधला खरा फरक बॉनेटखालच्या इंजिनात नाही. तो पुढच्या दोन चाकांच्या मागे, डिफरन्शिअल (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारी यंत्रणा) आणि सस्पेन्शनमध्ये आहे, आणि रोज स्टिअरिंगवर हात ठेवल्यावर तोच जाणवणार आहे.

मुळात अडचण काय असते

गाडी जोरात निघाली की वजन मागच्या चाकांकडे सरकतं. म्हणजे ज्या चाकांना ताकद द्यायची, नेमकी तीच हलकी होतात. वळणात आतलं चाक तर आधीच हलकं झालेलं असतं. साधं डिफरन्शिअल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं, त्यामुळे कमी पकड असलेल्या चाकाची जी मर्यादा, तीच दोघांची मर्यादा होऊन बसते. घट्ट वळणातून सेकंड गिअरमध्ये बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, आतला टायर चिरकतो आणि गाडी पुढे झेपावण्याऐवजी वळणाच्या बाहेर सरकत राहते.

दुसरी अडचण स्टिअरिंगची. साध्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये स्ट्रट (स्प्रिंग आणि डॅम्परचा उभा दांडा) आणि चाक एकत्र वळतात. त्यांचा वळायचा अक्ष वर स्ट्रटच्या माथ्यापासून खाली बॉल जॉइंटपर्यंत (गोळ्याच्या सांध्यापर्यंत) जातो आणि वरच्या बाजूला गाडीच्या आत कललेला असतो. त्यामुळे चाकाच्या मध्याच्या उंचीवर हा अक्ष चाकापासून बराच आत पडतो. त्या अंतराची तरफ होते. चाक गाडीला ओढायला लागलं की या तरफेमुळे ते आत वळू बघतं. दोन्ही बाजूंचा जोर सारखा असेल तोवर ते एकमेकांना तोलून धरतात. एका बाजूला रस्ता ओला किंवा खडबडीत निघाला की तोल जातो आणि स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. हाच तो टॉर्क स्टिअर.

मेख अशी की पहिल्या अडचणीवरचा इलाज दुसरी अडचण वाढवतो. लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल चांगली पकड असलेल्या चाकाला मुद्दाम जास्त टॉर्क देतं, म्हणजे दोन बाजूंमधली तफावत वाढवतं, आणि ती तफावत तरफेच्या वाटेने स्टिअरिंगपर्यंत पोचते. म्हणून असं डिफरन्शिअल बसवायचं तर वळायचा अक्षही चाकाच्या जवळ आणायला हवा. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये हे दोन्ही केलं आणि ३०५ अश्वशक्ती पुढच्या चाकांवरून रस्त्यावर उतरवली. आपल्या चार गाड्यांपैकी दोघींत हे दोन्ही इलाज आहेत, एकीत एकच आहे आणि एकीने वेगळी वाट धरली आहे.

मेगान आरएस

दोन लिटरचं ट्विन-स्क्रोल टर्बो इंजिन. २००९ मध्ये आलेल्या पहिल्या गाडीत २५० अश्वशक्ती होती, २०१२ पासून २६५, आणि २०१४ पासून २७५. गिअरबॉक्स फक्त सहा गिअरचा मॅन्युअल.

रेनोने पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्ट्रट आणि चाकाचा वळणारा भाग वेगळे केले आणि या रचनेला पर्फोहब नाव दिलं. गाडी बघायला गेलात की उभ्या गाडीत स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकाच्या कमानीतून आत बघा. चाक वळलेलं दिसेल, पण स्ट्रट जागचा हललेला नसेल. त्याच्या खालच्या टोकाला स्वतंत्र स्टिअरिंग नकल (चाक धरून ठेवणारा भाग) आहे, आणि वरच्या-खालच्या दोन बॉल जॉइंटवर तेवढंच वळतं. अक्ष चाकाजवळ आला, तरफ आखूड झाली.

याला जोड मिळते ती कप चासिसची. त्यात गिअरवर चालणारं यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल आणि कडक स्प्रिंग-डॅम्पर येतात. वळणाच्या मध्यावर अॅक्सिलरेटर दाबा, बाहेरचं चाक गाडीला आत ओढून घेतं. साध्या पुढच्या चाकांच्या गाडीत जिथे पाय उचलावा लागतो, तिथे इथे पाय दाबायचा असतो. ही सवय लागायला थोडा वेळ लागतो, पण एकदा लागली की ही गाडी का घ्यायची हा प्रश्न उरत नाही. मागे साधा टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) आहे, तरी वळणात शिरताना पाय हलकेच उचलला की मागची बाजू अंदाज येईल अशी फिरते. या चौघींत सगळ्यात जिवंत चासिस हीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रत्येक मेगान आरएसमध्ये कप चासिस नसते. स्पोर्ट चासिसच्या गाडीत यांत्रिक डिफरन्शिअल नाही, म्हणजे अर्धी गाडीच नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर न जाता चासिस नंबर देऊन कंपनीच्या नोंदीतून खात्री करून घ्या. काही जण पुढची चाकं जॅकवर उचलतात, एक चाक हाताने फिरवतात आणि दुसरं कोणत्या दिशेने फिरतं यावरून निकाल देतात. प्लेटवाल्या (घर्षणाच्या चकत्यांवर चालणाऱ्या) डिफरन्शिअलला ती परीक्षा लागू पडते, गिअरवाल्याला मात्र ती फसवी ठरते. कारण दोन्ही चाकं हवेत असताना ते बहुधा साध्या डिफरन्शिअलसारखंच वागतं.

दुसरी गोष्ट २६५ ची. नेहमीच्या मोडमध्ये तिचं इंजिन २५० अश्वशक्ती आणि ३४० न्यूटन-मीटरच देतं. ईएससीचं (गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेचं) बटण दाबून स्पोर्ट मोड लावल्यावर पूर्ण २६५ आणि ३६० मिळतात, अॅक्सिलरेटरही तिखट होतो. टेस्ट ड्राइव्हला हे बटण न दाबता परत आलात तर गाडी नीट कळलेलीच नसेल.

आणखी एक, जाहिरातींत न्यूर्बुर्गरिंग या जर्मन ट्रॅकचा उल्लेख हमखास असतो. २०१४ मध्ये तिथे ७ मिनिटं ५४.३६ सेकंदांची फेरी मारली ती २७५ ट्रॉफी-आर या आवृत्तीने. तिच्यात मागची सीट काढून टाकलेली आणि ओलिन्सचे डॅम्पर बसवलेले असतात. साधी २७५ चांगली आहेच, पण त्या वेळेसाठी जादा पैसे मोजू नका.

अॅस्ट्रा ओपीसी

२०१२ मध्ये आलेल्या या गाडीत दोन लिटरमधून २८० अश्वशक्ती आणि ४०० न्यूटन-मीटर मिळतात. चौघींत सर्वाधिक टॉर्क हिचाच. ओपलनेही स्ट्रट आणि नकल वेगळे केले, त्यांच्याकडे त्याला हायपरस्ट्रट म्हणतात. डिफरन्शिअल ड्रेक्सलर कंपनीचं, प्लेटवालं. गिअरवालं डिफरन्शिअल आतलं चाक पूर्ण उचललं गेलं की दुबळं पडतं, प्लेटवालं तेव्हाही काम करत राहतं. बदल्यात त्याच्या प्लेट झिजतात आणि तेलाकडे लक्ष द्यावं लागतं.

म्हणजे उपकरणं मेगानच्या तोडीची, काही बाबतीत सरसच. मागच्या टॉर्शन बीमला वॉट लिंकची (बीमला आडवं सरकू न देणाऱ्या दांड्यांची) जोडही आहे. मग ती माझी पहिली निवड का नाही? वजनामुळे. मेगानपेक्षा ही शंभरेक किलो जड आहे, आणि लागोपाठच्या वळणांत ते किलो लपत नाहीत. एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला यायला वेळ लागतो, आणि नाक वळवताना मेगानमधली चपळाई मिळत नाही. उलट मोकळ्या महामार्गावर थर्ड-फोर्थमधला हिचा रेटा मेगानला जमत नाही, आणि लांबच्या प्रवासात सीट आणि बदलते डॅम्पर अंग दुखू देत नाहीत. रोज मोठं अंतर कापणाऱ्याने हिच्याकडे आवर्जून बघावं.

आरसीझेड आर

हिच्यात फक्त १.६ लिटरचं इंजिन, आणि त्यातून २७० अश्वशक्ती. लिटरमागे जवळपास १७० अश्वशक्ती हा आकडा २०१३ मध्ये थक्क करणारा होता, आणि त्यासाठी प्युजोने पिस्टनपासून आतले भाग मजबूत केले होते. टॉर्क ३३० न्यूटन-मीटर, वजन चौघींत सगळ्यात कमी, पुढचे ब्रेक तब्बल ३८० मिलिमीटरचे. आणि दिसायला, दुहेरी घुमटाच्या छपरासह, खरीखुरी कूपे ही एकटीच. बाकीच्या तिघी मुळात हॅचबॅकच्या अंगाने गेलेल्या आहेत.

डिफरन्शिअल टॉर्सनचं, गिअरवर चालणारं यांत्रिक. पण सस्पेन्शन साधं मॅकफर्सन. वर सांगितलेली मेख इथे हाताला जाणवते. गुळगुळीत रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना पकड अफाट आहे. तोच रस्ता उंचसखल निघाला की स्टिअरिंग डावी-उजवीकडे हिसके देतं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. काहींना यातच मजा वाटते. माझ्या दृष्टीने रोजच्या वापराला हे जास्त आहे. मागच्या सीटवर मोठी माणसं बसू शकत नाहीत, हेही आधीच मान्य करून टाका.

सिरोको आर

२००९ ची ही गाडी दोन लिटरच्या २६५ अश्वशक्तीने सुरू झाली आणि २०१४ पासून २८० ची झाली. त्याच काळातल्या गोल्फ आरला चारही चाकांची ताकद मिळाली, हिला पुढच्या दोनच. यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल नाही, वेगळी नकलही नाही. फोक्सवॅगनने एक्सडीएस ही इलेक्ट्रॉनिक व्यवस्था दिली. आतलं चाक हलकं होताना त्याला ब्रेक लावायचा, म्हणजे टॉर्क बाहेरच्या चाकाकडे जातो.

रस्त्यावर हे चांगलं चालतं. स्टिअरिंग शांत राहतं आणि गाडी ठरल्या रेषेवरून सहसा ढळत नाही. मागचं मल्टिलिंक (अनेक दांड्यांचं) सस्पेन्शन खड्ड्यांवर बाकी तिघींपेक्षा मऊ वागतं. पण शेवटी ब्रेक म्हणजे ऊर्जा उष्णतेत घालवणं. यांत्रिक डिफरन्शिअल टॉर्क हलवतं, एक्सडीएस आतल्या चाकाचा टॉर्क ब्रेकमध्ये जाळून बाहेरच्याला वाट करून देतं. ट्रॅकवर ओळीने फेऱ्या मारल्या की पुढचे ब्रेक तापतात, पॅड लवकर संपतात, आणि जास्त जोर लावणाऱ्याला ही गाडी सरळ जायला बघते. ज्याला ट्रॅकवर जायचंच नाही, त्याला हा दोष आयुष्यात कधी दिसणारही नाही. ऑटोमॅटिक हवी असेल तर प्रश्नच मिटतो, कारण बाकीच्या तिघींत ती मिळतच नाही. हिच्या सहा गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) क्लच तेलात बुडालेले असतात आणि तेल दर ६०,००० किलोमीटरला बदलावं लागतं. त्याची पावती मागा.

इंजिनांबद्दल थोडं

मेगान आणि सिरोकोत टायमिंग बेल्ट आहे, तो वेळेवर बदलल्याचा पुरावा नसेल तर ती रक्कम किमतीतून वजा करा. अॅस्ट्रा आणि आरसीझेडमध्ये चेन आहे, पण चेन म्हणजे निर्धास्त असं नाही. प्युजोच्या या १.६ इंजिनाच्या आधीच्या पिढ्यांत चेन आणि टेन्शनरच्या तक्रारी भरपूर झाल्या होत्या, म्हणून गार इंजिन सुरू होताना खडखड येते का ते ऐका. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सिरोकोच्या इंजिनात हाय-प्रेशर फ्युएल पंपाला कॅमशाफ्टवरून चालवणारा छोटा फॉलोअर झिजतो. तो काढून बघणं सोपं आहे, दुर्लक्ष केलं तर कॅमशाफ्ट खराब होतो. मेगान सोडून तिघींत डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये) आहे, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचत जातो. मेगानमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हवरून जात असल्याने ते धुतले जातात.

मग कोणती

गाडी चालवण्यासाठीच घेत असाल, तर कप चासिसची मेगान २६५ किंवा २७५, आणि तीही शक्य तितकी मूळ अवस्थेतली. घरात दुसरी गाडी नसेल, रोजचा प्रवास आणि सुटीतली हौस एकाच गाडीवर भागवायची असेल, तर सिरोको आर. लांब पल्ला आणि रेटा हवा असेल तर अॅस्ट्रा. आरसीझेड आर तिच्या रूपावर आणि त्या छोट्या इंजिनावर जीव जडला असेल तरच घ्या. तसा जडला असेल तर बाकीच्या तिघी तुमचं समाधान करणार नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी पुढचे टायर बघा. दोन टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे किंवा कमी-जास्त झिजलेले असतील, तर पर्फोहब असलेली गाडीसुद्धा एका बाजूला ओढते, आणि टायरचा दोष तुम्ही गाडीच्या माथी माराल. मेगान आणि अॅस्ट्रात नकलचे जादा बॉल जॉइंट आहेत, त्यांत खेळ आला असेल तरी असंच होतं. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवायला मेकॅनिकला सांगा. टायर जोडीने बदललेले आणि जॉइंट घट्ट असतील, तर थोडा उंचसखल, मोकळा रस्ता निवडा, सेकंड गिअरमध्ये पाय दाबा आणि स्टिअरिंग काय करतं याकडे लक्ष द्या.