सेंट लुईसचा सिव्हिल वॉर वॉक: दंडाच्या गोष्टीसाठी तरी नक्की करा (४/५)

आईबाबा भारतातून आलेत म्हणून मागच्या शनिवारी डाऊनटाऊनमधला हा अडीच तासांचा गाईडेड वॉक केला आणि खरं सांगते, इतकी वर्षं इथे राहून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे सिव्हिल वॉरमध्ये, मिसूरीत (सेंट लुईसचं राज्य) गुलामगिरी होती पण राज्य फुटून निघालेल्या बंडखोर दक्षिणेकडे न जाता युनियनमध्येच, म्हणजे लिंकनच्या सरकारबरोबरच राहिलं, त्यामुळे एकाच गल्लीत दोन्हीकडची माणसं.

सुरुवातीलाच गाईड प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी देतो, एवढ्यात उघडू नका म्हणतो. मग डिसेंबर १८६१ चं सांगायला लागतो. नैऋत्य मिसूरीतून घरदार सुटलेले निर्वासित ऐन थंडीत शहरात आलेले, त्यांचा खर्च भागवायला युनियनच्या जनरल हॅलेकने हुकूम काढला की बंडखोरांना सामील असलेल्यांकडून पैसे वसूल करा. त्यात वर्ग पाडलेले, कोणी स्वतः बंडखोरांच्या फौजेत गेलेला, कोणी पैसे पुरवलेला, आणि कोणी नुसतं बोलून किंवा लिहून त्यांना उत्तेजन दिलेला. आता चिठ्ठी उघडा म्हणाला. बाबांची निघाली ती शेवटच्या वर्गाची. "अरे पण मी केलं काय?" "तुम्ही बोललात", एवढंच उत्तर! बाबांचा चेहरा उतरला हो, खेळ आहे हे माहीत असून.

वेळेत नाही भरलं तर वर २५ टक्के, आणि घरातलं सामान उचलून लिलाव. सॅम्युअल एंगलर नावाच्या व्यापाऱ्याने जप्त झालेला माल सोडवायला कोर्टाचा कागद आणला तर त्यालाच धरून शहराबाहेर काढलं. पुढे ऑगस्ट १८६२ मध्ये युनियनच्याच जनरल स्कोफिल्डने सेंट लुईस काउंटीतल्या बंडखोरांच्या समर्थकांवर ५ लाख डॉलर लावले तेव्हा विल्यम ग्रीनलीफ एलियट, म्हणजे पक्का युनियनवाला पाद्री, त्यानेच गव्हर्नरला लिहिलं की हे ऐकीव गोष्टींवर चाललंय, थांबवा. १० डिसेंबरला लिंकनने वसुली स्थगित केली. आपल्या बाजूचं चुकतंय हे लढाई चालू असताना बोलायला काय छाती लागत असेल, मला तर हाच माणूस सगळ्यात आवडला.

बाबा मग वाटभर १९४२ चं सांगत होते, इंग्रजांनी आपल्याकडे गावंच्या गावं धरून सामुदायिक दंड बसवला होता ना, ते.

एक स्टार कापला कारण लिंकनचा भाग शेवटी पाच मिनिटांत गुंडाळला. शिवाय दंड झालेल्या अशा श्रीमंत घरांत गुलाम म्हणून राबणारे लोकही असायचे, त्यांच्याबद्दल जेमतेम एक वाक्य, हे मला खूप खटकलं, जप्त झालेल्या सामानाबद्दल एवढं सांगता तर त्यांच्याबद्दलही सांगा ना. गाईडला तसं बोलले, त्याने वहीत लिहून घेतलं.

चालणं बरंच आहे, वयस्कर मंडळी असतील तर सकाळचाच स्लॉट घ्या आणि पाणी सोबत ठेवा.